पाडव्याचा दिवस वेगळा कशाने होतो

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. महाराष्ट्रात हा गुढीपाडवा, गोव्यात संवसर पाडवो, कर्नाटकात आणि आंध्रात उगादी; काश्मिरी पंडितांचे नवरेहही याच तिथीला येते. गुजरातेत मात्र या दिवशी वर्ष बदलत नाही. तिथले विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे मराठी माणसाच्या बलिप्रतिपदेला पालटते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सौर आहे. तिचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला लागतो आणि चंद्राशी त्याचा संबंध नसतो. हिशेबाचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेला उघडते, शाळेचे जूनमध्ये, कोरडवाहू शेतकऱ्याचे मृगाच्या पावसाने. एकाच घरात अशी पाच-सहा वर्षे एकमेकांना न अडखळता नांदतात. मग त्यांतल्या एका दिवशी पहाटे उठून अभ्यंगस्नान करायचे, दारात काठी उभारायची आणि कडू पाला चावायचा, तो कशाच्या आधारावर? त्या दिवसाच्या अंगी काही वेगळे असते की माणसे ते त्याला देतात, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर भारतीय परंपरेत एकमुखी नाही.

दिवसाच्या अंगीच वेगळेपण आहे, असे सांगणाऱ्या कथा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. ब्रह्मदेवाने चैत्राच्या पहिल्या दिवशी जग निर्माण केले, हे वचन ब्रह्मपुराणाच्या नावाने निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांत, उद्धृत होत आले आहे. शके १०७२ म्हणजे इ.स. ११५०मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनीही दिवस, महिना, वर्ष आणि युग या सर्वांची सुरुवात एकदमच, लंकेतल्या सूर्योदयाला, रविवारी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला झाली, असे मांडले आहे. पण पुराणकाराचा आरंभ आणि गणिताचा आरंभ एका जातीचे नव्हेत. ग्रह आज कुठे आहे हे काढायचे तर मोजणी कुठून तरी सुरू करावी लागते. सगळ्या ग्रहांची मोजणी ज्या क्षणी एकत्र शून्यावर येते, असा क्षण मागे सरकत सरकत मानलेला असतो. भास्कराचार्यांची लंकाही रेखांश मोजण्यासाठी विषुववृत्तावर धरलेले स्थान आहे. गणिताने प्रतिपदेला दिलेला मान हा सोयीचा मान आहे आणि गणिती तो सोयीचा म्हणूनच वापरतो.

दर्शनकारांनी या बाबतीत पुराणांना फारशी साथ दिलेली नाही. वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत स्थान दिले. त्यांच्या मते काळ खरा आहे, नित्य आहे, सर्वत्र भरलेला आहे आणि एकच आहे. अमुक आधी घडले, तमुक नंतर, हे दोन्ही एकदम, ते सावकाश, हे झटकन, अशी जी प्रतीती सर्वांना होते तिच्यावरून त्याचे अनुमान करायचे. घटका, प्रहर, मास, वर्ष हे भेद काळाचे स्वतःचे नाहीत. सूर्याच्या आणि इतर पदार्थांच्या क्रियांमुळे ते त्याच्यावर पडलेले दिसतात. या मताप्रमाणे फाल्गुन अमावास्या आणि चैत्र प्रतिपदा यांच्या मधे काळात कुठेही शिवण नाही. योगसूत्रांवरचे व्यासभाष्य त्याही पुढे जाते. त्याच्या लेखी क्षण तेवढा खरा आणि दोन क्षण कधीच एकत्र नांदत नाहीत. म्हणून मुहूर्त, अहोरात्र, मास ही क्षणांची मोळी बुद्धीने बांधलेली असते, तिच्यामागे वस्तू नसते. व्याकरणाच्या तत्त्वज्ञानात भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त काळाला कळसूत्रे हलवणाऱ्याची भूमिका दिली. काही गोष्टींना तो घडू देतो, काहींना रोखून धरतो. बौद्धांपैकी नागार्जुनाने भूत, वर्तमान आणि भविष्य ही एकमेकांच्या टेकूवर उभी आहेत, म्हणून स्वतंत्रपणे यांतले काहीच सिद्ध होत नाही, असे दाखवायचा प्रयत्न केला. चौघांची टोके चार दिशांना आहेत. तरी अमुक तारखेच्या पोटात नवेपणा भरून ठेवला आहे, असे यांतले कोणीही म्हणत नाही.

यापेक्षा गृहस्थाच्या उपयोगाचे उत्तर मीमांसकांकडे आहे. ते काळ म्हणजे काय हे फारसे विचारत नाहीत. विधी कशाचा होऊ शकतो हे विचारतात. देश, काळ, निमित्त आणि फळ या गोष्टी माणसाच्या हातच्या नसतात, म्हणून ‘अमावास्या कर’ अशी आज्ञा वेदालाही देता येत नाही. ‘अमावास्या आली की हा याग कर’ एवढेच सांगता येते. हातचे असते ते फक्त कर्म. त्या कर्माचे तीन प्रकार त्यांनी पाडले. जन्मभर रोज करायचे ते नित्य. काही घडले म्हणून करावे लागते ते नैमित्तिक. ग्रहण लागले की स्नान, अग्निहोत्र्याचे घर जळाले की विशिष्ट इष्टी. आणि काही हवे म्हणून करायचे ते काम्य. पावसासाठी केली जाणारी कारीरी इष्टी याचे नेहमीचे उदाहरण. पहिल्या दोहोंना फळाची इच्छा लागत नाही, पण ती टाळली तर दोष लागतो.

या चौकटीत वर्षारंभ बसवला की पुष्कळ गोंधळ निवळतो. वर्षाचा पहिला दिवस हे निमित्त आहे. तो पवित्र आहे म्हणून कर्म करायचे असे नसून, तो आला की कर्म करायचे ठरलेले आहे. निबंधकारांनी हे अचूक ओळखले होते. यादवांच्या देवगिरीतल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिन्तामणी’त व्रतांचा आणि कालनिर्णयाचा अफाट पसारा मांडला. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा ‘धर्मसिंधु’ १७९०चा, आणि मराठी घरांतले व्रतवैकल्य आजही मुख्यतः त्याच्या आधाराने चालते. या ग्रंथांत वर्षप्रतिपदेचे तेलाभ्यंग नित्य म्हटले आहे, म्हणजे ते ऐच्छिक नाही. प्रतिपदा कोणती धरायची तर सूर्योदयाला असलेली. दोन्ही दिवशी सूर्योदयाला असली किंवा कोणत्याच दिवशी नसली तर पहिली. ज्या दिवसाच्या अंगी जन्मतः काही तेज असते त्याच्यासाठी असा तडजोडीचा नियम करावा लागला नसता. सगळ्यांनी एकाच दिवशी करायचे म्हणून एक दिवस ठरवायचा, हा त्या नियमामागचा व्यवहार आहे.

याच्या उलट बाजूला मुहूर्ताची कल्पना उभी आहे. फलज्योतिषात काळाला गुण आहेत. एक घटका लाभाची, दुसरी घाताची. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त लोकमानसात पक्के आहेत. त्या दिवशी सोने, वाहन, घर घ्यावे म्हणून बाजार सजतात. गंमत अशी की साडेतीन मुहूर्त स्वयंसिद्ध असतात, म्हणजे त्या दिवशी पंचांग उघडून वेळ काढावी लागत नाही. ज्योतिषाला सुटी देणारे हे दिवस ज्योतिषाच्या नावावर जमा झाले आहेत. मीमांसेच्या भाषेत पाडव्याची सोनेखरेदी हे काम्य कर्म ठरते आणि कडुनिंब खाणे नैमित्तिक. वर्तमानपत्रांच्या पानापानांवर पहिल्याच्या जाहिराती असतात, तेव्हा दोहोंतला फरक विसरला जाणे साहजिक आहे. धर्माच्या दृष्टीने मात्र खरेदी हा पाडव्याचा सर्वांत दुय्यम भाग आहे.

घरातल्या कामांकडे पाहिले तर निमित्त आणि नित्य यांचा गुंता अधिक नीट दिसतो. कडुनिंब हे त्याचे चांगले उदाहरण. दख्खनात हे झाड माघ-फाल्गुनात पाने टाकते आणि चैत्रात तांबूस कोवळी पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा घेते. ती पाने आणि फुले मिरी, हिंग, मीठ, जिरे, ओवा, चिंच आणि गूळ यांच्याबरोबर वाटून त्याची गोळी सकाळी खाल्ली जाते. घरागणिक यात फेरफार असतो. हे आरोग्यासाठी आहे, असे स्पष्टीकरण हमखास दिले जाते. एका सकाळी चिमूटभर पाला खाऊन वर्षाचे आरोग्य पदरात पडत नाही, हे सांगायला वैद्य नको. पण त्याच सुमारास त्याच झाडाचा पाला घरात दुसऱ्या कामाला लागलेला असतो. रब्बीचा गहू नुकताच हाती आलेला असतो. तो निवडायचा, कडक ऊन दाखवायचे, काही घरांत एरंडेलाचा हात फिरवायचा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालून कणगीत किंवा कोठीत भरायचा. सोनकिडा आणि पोरकिडा यांच्यापासून धान्य राखण्याचा हा जुना उपाय आहे. तोंडातला पाला नैमित्तिक आणि कणगीतला पाला रोजच्या भाकरीचा. पहिल्यावर पुराणे सांगितली जातात. दुसऱ्यावर वर्ष निघते.

चैत्र-वैशाखाचे ऊन हे मराठी घराचे मोठे भांडवल आहे. कुरडया, पापड, सांडगे, शेवया ही वाळवणे याच दिवसांत घातली जातात. तिखट कांडून भरले जाते, गोधड्या आणि घोंगड्या धुऊन उन्हात टाकल्या जातात, फाटक्या लुगड्यांना टाके घालून नव्या गोधड्या शिवायला घेतल्या जातात. यांतल्या कशालाही तिथी नाही. ऊन आहे तोवर करायचे आणि वळवाचा पाऊस अंगणात यायच्या आत उचलायचे, एवढाच त्याचा कालनिर्णय. शास्त्राने वर्षाचा आरंभ चैत्रात ठेवला तो याच कामांच्या हंगामात पडतो, पण ही कामे व्रतांच्या यादीत कुठे नाहीत. ती करणाऱ्या बायकांना शास्त्र लिहायला बसवले असते तर यादी वेगळी झाली असती. घराची झाडलोट, सारवण, भांडी घासणे, पुरण शिजवणे हे सगळे आधी उरकल्यावरच ‘सण’ सुरू होतो आणि संध्याकाळी गुढी उतरली की पुन्हा त्याच हातांकडे जातो. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो. भक्तीची ही कल्पना फार गोड म्हणून सांगितली जाते. तिच्यातला हिशेब मात्र सरळ आहे: देवाने काम वाटून घेतल्याशिवाय दासीच्या वाट्याला सवड येत नव्हती.

गुढी ही स्वतः हस्तकलांची बेरीज आहे. वेळूची काठी, तिच्यावर जरीचे वस्त्र किंवा खण, कडुनिंबाची डहाळी, आंब्याचा टाळा, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर उपडा घातलेला तांब्याचा किंवा चांदीचा गडू. निबंधग्रंथांत घरोघर ध्वज उभारावा एवढाच विधी येतो. आजची तिची सजावट लोकांनी घडवली. ‘ज्ञानेश्वरी’त आणि चोखोबांच्या अभंगात गुढी येते ती आनंदाची आणि जयाची खूण म्हणून, तिथे पाडवा असलाच पाहिजे असे नाही. तिच्या अर्थाविषयी अलीकडे बरेच वाद रंगतात. त्यांत कोणाचाही शेवटचा पुरावा हाती नसतो, म्हणून ते लांबतात.

गाठीचा धंदा याहून बोलका आहे. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडे दूध घालून मळी काढतात, मग दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यांत पाक ओततात. थोड्या वेळात तो थिजतो आणि दोऱ्यात ओवलेली पदके निघतात. होळीला मुलांच्या गळ्यात घालण्यापासून पाडव्याला गुढीवर चढवण्यापर्यंत त्यांना मागणी असते, म्हणून कारागीर होळीच्या कितीतरी आधीपासून भट्टीशी असतात. ज्या सकाळी इतरांचे वर्ष सुरू होते त्या सकाळी त्यांचा हंगाम संपलेला असतो. कुंभाराचे तसेच. माठ आणि रांजण फाल्गुन-चैत्रात विकायचे तर माती त्याआधी मळावी लागते, भट्टी त्याआधी लावावी लागते. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्याची उष्णता नेते. हे साधण्यासाठी माती फार चिकट ठेवूनही चालत नाही आणि भाजणी फार कडक करूनही चालत नाही. बुरूड सुपे, टोपल्या, कणग्या विणतो, त्या घरात धान्य यायच्या आधी तयार असाव्या लागतात. आरंभ हा नेहमी कोणाच्या तरी संपलेल्या कामावर उभा असतो. व्यासभाष्याने मोळीची गोष्ट सांगितली ती क्षणांविषयी, पण वर्षारंभाच्या बाबतीत ती मोळी बांधणारे हात कोणाचे, हेही विचारता येते.

दिवस वेगळा कशाने होतो, हा मूळ प्रश्न बागेच्या संदर्भात संतांनी वेगळ्या बाजूने सोडवला. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी तेराव्या शतकात मळा राखून होते. पंढरपूर तिथून जवळच आहे, तरी ते वारीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, इथे दिशा उलटी. भाजीच्या वाफ्यातच आपला देव आहे, हे त्यांच्या अभंगांचे सार. ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये, गीतेच्या अठराव्या अध्यायावर बोलताना, स्वतःच्या कर्माचीच फुले ईश्वराला वाहावीत, असा अर्थ लावला होता. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या चिखलात आणि सावतोबांच्या मळ्यात तो प्रत्यक्षात आलेला दिसतो. या विचारात नैमित्तिक कर्म नित्यात विरघळून जाते. रोज पाणी द्यायचे, रोज खुरपायचे, तर पाडव्याने वेगळे काय करायचे उरले?

पण या उत्तराची एक मर्यादा सहसा कोणी सांगत नाही. मळ्यालाही तिथी असतात, फक्त त्या पंचांगात छापलेल्या नसतात. कांद्याचे रोप केव्हा लावायचे, मिरचीचे केव्हा, मोटेचे पाणी उन्हाळ्यात किती दिवसांनी फिरवायचे, हे माळ्याला पाळावेच लागते. सावता माळी काळापासून मोकळे झाले नव्हते. त्यांनी भटजीचे घड्याळ बाजूला ठेवून मातीचे पत्करले. आजच्या परसबागेतही हाच क्रम आहे. चैत्रात मोगऱ्याला कळ्या धरतात. विहिरी तळाला जातात, म्हणून मोरीचे पाणी अळूच्या आणि केळीच्या बुंध्याशी वळवले जाते. थंडीत वाढवलेला दवणा कापणीला येतो. या सुगंधी रोपट्याला धर्मशास्त्रात स्वतंत्र मान आहे. चैत्रात वेगवेगळ्या तिथींना वेगवेगळ्या देवतांना दवणा वाहण्याचा विधी ‘धर्मसिंधु’त आहे आणि चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा चढतो. शेतात जे तयार झाले ते देवापुढे ठेवायचे, मग त्याला विधी म्हणायचे; शास्त्र बागेच्या मागून चालत आल्याची ही स्वच्छ खूण आहे.

वर्षाच्या सुरुवातीला घराबाहेर पडण्याचेही अनेक प्रकार आहेत. चैत्र शुद्ध एकादशीला पंढरीची चैत्री वारी भरते. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवासाठी गावोगावच्या कावडी पाणी घेऊन येतात. सासवडच्या तेल्या भुत्याची मानाची कावड द्वादशीला मुंगी घाटाचा उभा चढ हातोहात चढवून वर नेली जाते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या डोंगरावर, नेमक्या टंचाईच्या महिन्यात, खांद्यावरून पाणी वाहून नेणे हा इथला सर्वांत अवघड आणि सर्वांत बोलका विधी आहे. शहरांत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डोंबिवलीतून नववर्ष स्वागतयात्रांची प्रथा पसरली. ढोल-ताशे, नऊवारी, फेटे आणि चित्ररथ असे तिचे रूप ठरून गेले आहे. तिच्यात उत्साह पुष्कळ असतो. व्रताचा भाग, म्हणजे स्वतःला थोडी झीज लावून घेण्याचा भाग, कावडीच्या मानाने फार कमी.

बायकांचे बाहेर पडणे निराळे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. या महिन्यात कोणत्याही सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करायचे; कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. इथे तिथीचा काच नाही, महिनाभराची मोकळीक आहे आणि घरोघर हिंडायला धर्माची परवानगी आहे. जिला एरवी उंबरा ओलांडायला कारण द्यावे लागे तिच्यासाठी ही परवानगी लहान नव्हती. अंगणात रोज चैत्रांगण रेखायचे: मखरातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्म, कमळ, पाळणा. आज काढलेले उद्या सडासंमार्जनात पुसले जाते आणि पुन्हा काढले जाते. निमित्ताने सुरू झालेले काम महिनाभर नित्य होऊन बसते, याचे यापेक्षा नेटके उदाहरण मिळणे कठीण.

मराठवाडा-विदर्भात पाडव्याला आणखी एक व्यवहार होतो, त्याची नोंद धर्मग्रंथांत नाही. सालगड्याचे साल या दिवशी ठरते. मालकाच्या शेतावर वर्षभर राबायचे, त्याबद्दल रोख किती, धान्य किती, उचल किती, याची बोली पाडव्याच्या आगेमागे होते आणि या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस बांधला जातो. उचल फिटली नाही तर पुढचेही साल त्याच बांधावर जाण्याची शक्यता असते. काळाचे भेद बुद्धीने रचलेले आहेत, हे मत ग्रंथात वाचताना निरुपद्रवी वाटते. सालगड्याने मात्र ते रचलेले वर्ष विकलेले असते. व्यासभाष्य यामुळे खोटे ठरत नाही. माणसांनी मिळून रचलेली गोष्ट भिंतीइतकी टणक असू शकते, एवढे त्यात जोडावे लागते. आणि रचलेली आहे म्हणूनच तिच्या अटी बदलता येतात. सूर्याच्या गतीशी बोली करता येत नाही, सालाच्या दराची करता येते.

निबंधग्रंथांनी वर्षप्रतिपदेला जोडलेल्या विधींपैकी एक आज सणाच्या वर्णनांतून जवळजवळ गळाला आहे. तो प्रपादानाचा, म्हणजे पाणपोई घालण्याचा. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून चार महिने वाटसरूंना पाणी द्यावे, ते देताना ही पाणपोई सर्व प्राण्यांसाठी सारखी मोकळी आहे असे म्हणावे आणि ज्याची ऐपत नसेल त्याने रोज एक भरलेला घडा दान करावा, असे ‘धर्मसिंधु’ सांगतो. पाडव्याच्या सगळ्या कर्मांत हे सर्वांत वजनदार मानायला हवे. त्याला मुहूर्ताचा लाभ नाही, ते एका सकाळीत उरकत नाही आणि त्यात घरातला माठ दाराबाहेर जातो. निमित्त एका दिवसाचे, कर्म चार महिन्यांचे, तोवर पाऊस आलेला असतो.

मंत्रात पाणी सर्वांना मोकळे असले तरी गावात ते मोकळे नव्हते. पाणपोईवर अस्पृश्य मानलेल्यांना वरून धार धरून पाणी दिले जाई, विहिरीला त्यांना हात लावू दिला जात नसे. मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये तो मान्य केला, तरी तिथले चवदार तळे त्यांना बंदच राहिले. पाडवा सुमारे दोन आठवड्यांवर आला असताना, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही या तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. त्यानंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला तो मार्च १९३७मध्ये.